सूर्य काढलेली गोळी

सुनेच्या हातातलं केळं मी काढून घेतलं, तोवर दोन केळी भरवून झाली होती.

कोंडाबाई तेर गावच्या. वय सत्तरीपुढं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सकाळपासून छातीत टोचत होतं. थुंकीसुद्धा गिळवत नव्हती, म्हणून मांडीवर वाटी घेऊन बसल्या होत्या. घास अडकला असेल, केळ्यानं खाली जाईल, असं शेजारणीनं सांगितलं होतं. आमच्या दवाखान्यात येताना सून एसटीतही भरवत आली. अडकलेल्या वस्तूवर अन्न ढकललं की ती आणखी रुतते, हे मी तिला सांगितलं आणि वाटीशिवाय सगळं बाजूला ठेवायला लावलं.

"सकाळी काय खाल्लं होतं?" मी कोंडाबाईंना विचारलं.

"काय न्हाय. उठल्यावर तुमची गोळी घेतली. तवापासून हे."

कमी पाण्यात घेतलेली गोळी अन्ननलिकेला चिकटून जखम करते. मला आधी तेच वाटलं. पण कोंडाबाई प्रत्येक वेळी एकाच बोटानं एकच जागा दाखवत होत्या. एक्स-रेत काही दिसलं नाही. थुंकी खाली जात नाही म्हणजे थांबायला वेळ नाही. घशातून दुर्बीण घालायचं ठरवलं. पोटात केळी, त्यामुळे पूर्ण भूल देता येईना. उलटी फुप्फुसात गेली असती. घसा बधिर करणाऱ्या स्प्रेवर भागवलं.

केळ्याचा लगदा ओढून घेतला आणि खाली काहीतरी चमकलं. गोळीच होती, वेष्टनासकट. चौकोनी, आणि दोन कोपरे भिंतीत रुतलेले.

आमचे भूलतज्ज्ञ हळूच म्हणाले, "मॅडम, सोलापूरला पाठवू या."

त्यांचं चूक नव्हतं. अन्ननलिका फाटली तर छातीत पू होतो आणि छातीचा सर्जन आमच्याकडे नाही. पण रस्त्यात प्रत्येक आवंढ्याला ते कोपरे आत घुसणार होते. सुनेला दोन्ही बाजू सांगितल्या. तिनं सही केली. ॲम्ब्युलन्स दारात लावली. दोन प्रयत्न, मग सोलापूर.

पहिल्या ओढीला रक्ताची रेघ आली. थांबले. आजींना हलू नका म्हटलं. त्यांनी सिस्टरचा हात असा धरला की तिच्या बांगड्या रुतल्या. दुसऱ्यांदा ओढलं नाही, उलट जरा खाली ढकललं. एक कोपरा सुटला. मग फिरवून दुसरा. दुर्बिणीच्या टोकाला बसवलेल्या रबरी टोपीत चौकोन ओढला आणि सगळं एकदम बाहेर काढलं.

ट्रेमध्ये धुतल्यावर वेष्टनावर काळ्या मार्करनं काढलेला सूर्य दिसला.

तो आमच्याच दवाखान्यातला. वाचता न येणाऱ्यांसाठी स्ट्रिप कापून एकेक गोळी सुटी द्यायची, सकाळच्या गोळीवर सूर्य आणि रात्रीच्या गोळीवर चंद्र काढायचा, ही पद्धत मीच सुरू केली होती. पाहुण्या डॉक्टरांना कौतुकानं दाखवतही असे.

पुन्हा दुर्बीण घालून पाहिलं. ओरखडेच होते, भोक नव्हतं. मग मी दोघींना सांगितलं, चूक आमची आहे.

कोंडाबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "म्या म्हणलं, बाईंनी ह्या खेपेला गोळी मोठी दिली. जोराची असंल."

दोन दिवस पातळ पदार्थांवर ठेवून त्यांना घरी सोडलं. आता आम्ही सूर्य कागदी पाकिटावर काढतो, स्ट्रिप अख्खी देतो आणि पहिली गोळी आमच्यासमोर सोलून घ्यायला लावतो. औषधाच्या काउंटरवरची कात्री ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर गेली. तिथं ती कामाची आहे.