हरवले आहेत, कृपया शेअर करा

फार्महाऊसवाले, हॉटेलवाले, प्लॉटवाले. कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या कितीतरी जणांच्या मोबाईलवरच्या जाहिरातींच्या पोस्ट मी लिहिते. त्यांना कानीकपाळी ओरडून सांगते, विशेषणं काढा हो! 'निसर्गाच्या कुशीत' म्हणजे नक्की कुठे? रस्ता कुठून? माणूस जे शोधतोय ते पहिल्या ओळीत सांगा. दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला काय जातंय! स्वतःवर वेळ आली तेव्हा मी माती खाल्ली.

आमच्या चौक गावात शेजारचे काका एका सकाळी घरातून निघून गेले. हल्ली त्यांना काही आठवत नसे, स्वतःचं दारसुद्धा ओळखायचे नाहीत. काकू धापा टाकत माझ्याकडे आल्या.

"लिव गं काहीतरी पटकन. बनियनवरच गेलेत. निळी लुंगी हाय. पायात काय नाय."

मी लिहायला बसले. बनियन, लुंगी, अनवाणी... छे! गावात ज्यांच्या शब्दाला मान, त्यांना असं चारचौघांत उघडं पाडायचं? आमच्याकडे पोस्टला माणसाचा चांगलाच फोटो लावतात, वाढदिवस असो नाहीतर निधन. मी लेकीच्या लग्नातला निवडला. डोक्याला फेटा, अंगात जाकीट, मिशीला पीळ. खाली लिहिलं, 'सर्वांचे लाडके, प्रेमळ, सुस्वभावी व्यक्तिमत्त्व आज सकाळपासून घरी परतलेले नाही.' कपड्यांचा एक शब्द नाही.

तासाभरात पोस्ट नेरळपर्यंत फिरली. लोक हात जोडलेली चित्रं टाकत होते, किती छान लिहिलंय म्हणत होते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

काका तिसऱ्या दिवशी सापडले. खालापूरच्या पुढे, ओढ्याच्या कडेला. जीव गेलेला होता.

दहाव्याला हायवेवरचा एक ढाबेवाला आला. काकूंसमोर उकिडवा बसला.

"पयल्याच दिवशी दुपारी माझ्या दारात आलते," तो म्हणाला. "पाणी मागितलं, दिलं. बनियनवर, अनवाणी... मला वाटलं, असंल कुणी भिकारी. जा बाबा पुढं, म्हटलं. वढ्याकाठी सापडले तवा वळखलं."

मग त्याने मोबाईल काढून माझी पोस्ट दाखवली.

"ही तवा माझ्याकडं होती वो. मीच चार ग्रुपवर टाकली. पण हे फेटेवाले आन् ते... मला कसं कळावं? कपडे लिवले असते तर खाटेवर बसवून ठेवलं असतं की. कुणी लिवली ही?"

आता काकू माझ्याकडे बोट दाखवणार, आणि दाखवायलाच हवं होतं.

काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मीच सांगितलं तिला तसं लिवायला," त्या म्हणाल्या. "तुझा काय दोष नाय रं. च्या घे."

त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. अजूनही नाही.