पांढऱ्या बदकाचा फोटो

ह्यांना लकवा झाल्यापासून आम्ही देऊळघाटचं घर बंद करून बुलढाण्याला लेकीच्या खोलीवर राहतो. ह्यांचा उजवा हात-पाय गेला, बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. पण घरात बोलायचं काम आजवर ह्यांचंच होतं. मी भाजी काय केली ते सांगते, ऊन किती पडलं ते सांगते, अन् मग माझ्याजवळचं बोलणं संपून जातं. हे छताकडे पाहत राहतात.

लेक कामाला गेली की मी तळ्याकडे एक फेरी मारून येते. तिथं एका सकाळी हळदीकुंकू बदकांत एक पांढरं दिसलं. ही बदकं मातकट रंगाची. चोचीच्या टोकाला पिवळा अन् कपाळाजवळ तांबडा ठिपका, म्हणून ते नाव. ह्याची चोच तशीच होती, अंग मात्र सायीसारखं. घरी येऊन ह्यांना सांगितलं तर ह्यांनी जोरात मान हलवली. ह्यांचा सारा जन्म गावच्या धरणाच्या काठावर गेला, असं बदक ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तोंडातून कसलेतरी आवाज काढत हे माझ्याशी भांडू लागले. मला इतकं बरं वाटलं!

संध्याकाळी लेक हसली. "आई, बगळा पाह्यला असशीन तू."

"बगळ्याची चोच मले समजत नाही काय?"

"मंग फोटो काढून आण. बाबा त्याशिवाय मानत नाहीत."

दुसऱ्या दिवशी मोबाइल नेला. बदक पाण्याच्या मधोमध होतं. फिरायला आलेल्या बाया थांबल्या. एक म्हणाली, "मावशी, त्याले म्हणा, जरा हासून दाखव." मी घाईघाईत बटण दाबलं. फोटोत नुसतं पाणी अन् एक ठिपका आला. घरी आले तर पाण्याचा तांब्या सांडलेला. ह्यांना तहान लागली होती अन् लेकीला मिस कॉल द्यायला मोबाइल जवळ नव्हता. तेव्हापासून मोबाइल ह्यांच्या उशाशीच ठेवते.

मग एक दिवस तळ्यावर मोठ्या कॅमेऱ्याचा एक जण दिसला. त्याच्या मागे बराच वेळ उभी राहिले, तेव्हा कुठं आवाज फुटला. "भाऊ, त्या पांढऱ्या बदकाचा फोटो निंघाला काय?"

"हे पाहा ना, मावशी!"

त्यानं कॅमेऱ्यातच दाखवला. पीस न् पीस दिसत होतं.

"आमच्या घरी दाखवाचा होता," मी म्हटलं.

"मंग नंबर सांगा, घरी गेलो की पाठवतो."

माझा नंबर मला कधी सांगावाच लागला नाही. रिचार्ज मारायचे हे, नंबर पाठ ह्यांना. मोबाइल घरी राहिला, एवढंच मी म्हटलं, तसा तो म्हणाला, "बरं, मंग माझा घ्या. मिस कॉल मारा फक्त." अन् इंग्रजीत आकडे घडाघडा बोलला. "समजलं ना?"

मी "हाव" म्हटलं. पुन्हा सांगा म्हणायची लाज वाटली. रस्त्यावरून त्याचा मित्र हॉर्न वाजवत ओरडला, "चाल बे, लोणारले जायचं हाये अजून!" गाडी निघून गेली. वळणापर्यंत येता येता माझ्याजवळ 'नाईन' तेवढं उरलं होतं.

घरी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे. माझ्यानं खरं सांगवलं नाही. "एका भावानं काढला," म्हटलं, "पाठवणार हाये."

आता मोबाइल वाजला की ह्यांचा डावा हात आधी जातो. बहुतेक रिचार्ज संपल्याचेच मेसेज असतात. हे मोबाइल माझ्याकडे धरतात अन् विचारतात, "आलं?" हा एकच शब्द ह्यांच्या तोंडून स्वच्छ निघतो. मी म्हणते, "येईन ना फोटो." तळ्यावर गेले की बदकाकडे माझं लक्ष नसतं, कॅमेरेवालं कोणी आलं काय ते पाहत बसते.

मागच्या खेपेला ह्यांनी डॉक्टरांसमोरच विचारलं, "आलं?" डॉक्टर खूश झाले. म्हणाले, जे काय करताय ते असंच चालू ठेवा.