डिझेलच्या टाकीचं कुलूप

फिल्टरच्या डब्याच्या क्लिपा उघडल्या, झाकण उचललं आणि आतून गादी निघाली. त्याला दुसरा शब्द नाही. कापसाचे तंतू एकमेकांत बसून असा घट्ट थर झाला होता की तो मी दोन बोटांनी धरून सोलून काढला. त्याच्याखाली कागदी एअर फिल्टर होता, पण तो दिसतही नव्हता.

"हे काय हाये, काका?" निखिलने विचारलं.

"हे शालिकचं डिझेल हाये," मी म्हणालो.

त्याला काही कळलं नाही. मला कळलं, आणि हातातला तो थर कुठे ठेवावा ते सुचेना.

निखिल हा गोपाळशेठचा भाचा. गोपाळशेठ आमच्या देवळीतले कापसाचे व्यापारी. गावोगावचा कापूस त्यांच्या डिझेल पिकअपमधून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जातो. त्या पिकअपवर निखिलच्या आधी शालिक ड्रायव्हर होता. मूळचा रोहण्याचा, शेठकडे बरीच वर्षं होता.

गाडी मात्र नवी होती. तिचा पहिलाच कापसाचा हंगाम सुरू झाला आणि अ‍ॅव्हरेज पडलं. शेठ गाडी घेऊन माझ्या गॅरेजला आले. मी सकाळी सकाळी तपासली. पंप पाहिला, इंजेक्टर पाहिले, कुठे गळती आहे का पाहिलं. एअर फिल्टर काढला तर झाडून ठेवल्यासारखा स्वच्छ. यवतमाळ रोडवर चालवली. गाडी मस्त पळाली.

शालिक बाजूला उभा होता. म्हणाला, "मिस्त्री, सकाळी बरोबरच चालते. दुपारून दम टाकते."

ड्रायव्हरांची कारणं मी आयुष्यभर ऐकली होती. मी लक्ष दिलं नाही.

"मंग गाडीत खराबी काय हाये?" शेठनी विचारलं.

"गाडीत काही नाई," मी म्हणालो. आणि हसलो.

त्या हसण्याचा अर्थ गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. गाडीत दोष नाही आणि डिझेल तर जातं, म्हणजे ते कोणीतरी काढतं. शेठनी टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. तरी अ‍ॅव्हरेज वाढेना. तेव्हा शालिकने दुसरी चावी करून घेतली असं ठरलं. त्याला काढलं आणि भाच्याला गाडीवर बसवलं. भाचा थोड्याच दिवसांत काळा धूर सोडत माझ्याकडे आला. त्याला कोणी चोर म्हणणार नव्हतं. म्हणून दोष गाडीतच शोधायचा होता. मी पुन्हा झाकण उघडलं.

आता या थराचा आणि डिझेलचा संबंध सांगतो. इंजिन डिझेल जाळतं ते हवेच्या जोरावर. हवेची वाट बंद झाली की डिझेल अर्धवट जळतं, धूर होतो, ताकद जाते. ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटर आणखी दाबतो आणि डिझेल आणखी जातं. हवा जिथून आत शिरते ते तोंड, पाइप, फिल्टर, या सगळ्याला मिळून इनटेक म्हणतात. या पिकअपचं तोंड समोरच्या जाळीमागे, खाली होतं. रस्त्यावर ते ठीक आहे. पण जिनिंगच्या आवारात गाड्यांची लाईन लागते. गाडी इंजिन चालू ठेवून इंच इंच पुढे सरकते, आणि जमिनीपासून कमरेपर्यंत हवेत कापूस तरंगत असतो. गाडी तो दिवसभर ओढत राहते.

एकच गोष्ट उरली होती. शालिकच्या वेळी फिल्टर स्वच्छ कसा?

शालिक सेवाग्रामला दवाखान्याच्या फाटकासमोर दुसऱ्याचा ऑटो चालवत होता. मी तिथे गेलो.

"काऊन आले, मिस्त्री? तब्येत गिब्येत?"

"तब्येत ठीक हाये. फिल्टर तू साफ करत होता का?"

"रोज. संध्याकाळी जिनिंग थांबलं का हमाल लोक हवेचा पाइप घेऊन मशीन साफ करतात. त्याईच्याकडून पाइप मांगून घेत होतो. मालकाची गाडी हाये, साफ ठेवा लागते."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं नं. दुपारून दम टाकते म्हणून. तुमी सकाळी पाहून राह्यले होते."

पुरावा शालिकजवळच होता. तो इमानदारीने रोज संध्याकाळी उडवून देत होता. जरा आळशी असता तर चोर ठरला नसता.

"मी शेठले सांगतो," मी म्हणालो. "तू चाल."

"ज्या गाडीवर मले चोर केलं, तिच्यावर पुन्हा बसू?"

"तुले चोर मी केलं, शालिक."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुमी त काहीच नाई म्हटलं, मिस्त्री. तुमी फक्त हसले."

 "उद्या जिनिंगवर येजो," एवढंच म्हणून मी परत फिरलो. तो येईल याची खात्री नव्हती.

शेठनी माझं ऐकून घेतलं आणि माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं. "हा कचरा आत्ता जमला, मिस्त्री. शालिकच्या टाइमले फिल्टर साफ होता. तुमीच सांगतलं होतं."

"सांगतलं होतं. चुकलं. आता मोजून दाखवतो."

मोजायला मोठी मशीन लागत नाही. सलाइनची असते तशी पारदर्शक नळी घ्यायची, इंग्रजी यू सारखी वाकवून एका फळीवर बसवायची. तिच्यात होळीचा रंग टाकलेलं पाणी भरायचं. एक टोक उघडं, दुसरं फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला जोडायचं. फिल्टर चोंदला की इंजिन नळीतून ओढतं आणि एका बाजूचं पाणी वर चढतं. किती चढलं तेवढा गाडीचा गळा आवळला.

दुसऱ्या दिवशी शालिक आला. शेठशी बोलला नाही. सीटवर बसला, सीट मागे सरकवली आणि आरसा आपल्या मापाने फिरवला. पहिल्या दिवशी कंपनीचंच इनटेक ठेवलं. सकाळी इंजिन रेझ करून पाणी जिथे आलं तिथे मी लाल टेप चिकटवली. मग गाडी लाईनमध्ये. दुपारी पुन्हा तसंच रेझ केलं. पाणी टेप सोडून भलतंच वर गेलं. लाईनमधले ड्रायव्हर गोळा झाले. संध्याकाळी जिनिंग थांबल्यावर शालिकने हमालांकडून पाइप मागितला, फिल्टरवर हवा मारली आणि परत बसवला.

"आता पाहा, शेठ," मी म्हणालो.

पाणी बरोबर टेपवर आलं.

शेठनी वाकून पाणी आणि टेप पाहिली. मग म्हणाले, "बरं. दम टाकते हे मानलं. पण तेवढ्यानं एवढं डिझेल जाते का?"

"ते पण दाखवतो. आधी इनटेक बदलू. कुलूप राहू द्या. चावी तुमच्याजवळच ठेवा."

इथे निखिल मध्ये आला. त्याने मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. चकचकीत पाइप आणि त्याच्या टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर. "मामा, याच्यानं पावर वाढते. आवाज पण येते."

"आवाजानं कापूस उतरते का बे?" लाईनमधून कोणीतरी म्हणालं.

मी त्याला हसलो नाही. हसण्याचं काय होतं ते नुकतंच पाहिलं होतं. त्याचं इनटेक नागपूरहून आणवलं आणि मीच बसवलं. सकाळी पाणी लाल टेपच्याही खाली राहिलं. म्हणजे हवा कंपनीच्या इनटेकपेक्षा मोकळी येत होती. निखिलने मला टाळी मागितली. मी दिली. खरं ते खरं.

पण त्या फिल्टरला डबा नसतो. तो बॉनेटखाली उघडा बसतो आणि इंजिनची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणून इंजिनचं पोट भरत नाही. शिवाय त्याच्या कापडाला तेल लावलेलं असतं, धूळ चिकटावी म्हणून. धूळ चिकटते तसा कापूसही चिकटतो. दुपारी बॉनेट उघडलं तर काळ्या इंजिनात जत्रेतले बुढ्ढी के बाल फुलून बसले होते. पाणी कंपनीच्या फिल्टरच्या वेळी गेलं होतं त्याहीपेक्षा वर गेलं.

"निखिलभाऊ, आता आवाज करा नं," हमाल म्हणाले. तोही हसला, हे त्याचं चांगलं. फिल्टर खराब नव्हता. मोकळ्या, स्वच्छ रस्त्यावर तो चालला असता. आमच्या लाईनमध्ये नाही.

मग माझा नंबर. कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर तसाच ठेवला, फक्त फिल्टर नवा घातला, कारण रोजच्या जोराच्या हवेने जुन्याचा कागद विरला होता. डब्याचं तोंड मात्र जमिनीजवळून काढलं. मडगार्डमधून काचेच्या बाजूने पाइप वर टपापर्यंत नेला. याला स्नॉर्कल म्हणतात. वर ट्रॅक्टरला असते तशी कटोरी बसवली. तिच्यात हवा गरगर फिरते आणि जड धूळ बाहेर फेकली जाते. कटोरीभोवती बारीक जाळी गुंडाळली, कापसासाठी.

सकाळी पाणी लाल टेपच्या थोडं वर आलं. लांब पाइप म्हटलं की थोडा अडथळा होणारच.

"काका, तुमचं त पहिल्याच बॉलले आउट हाये," निखिल म्हणाला.

"मॅच संध्याकाळी संपते," शालिक म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा आपणहून बोलला होता.

दुपार झाली. गाडी लाईनमध्ये सरकत राहिली. टपाच्या उंचीवर कापूस कमी उडतो. जो उडाला तो जाळीवर बसला आणि कटोरीला पांढरी टोपी झाली. शालिक पायरीवर चढला, तळहाताने टोपी उतरवली, फेकली. इंजिन रेझ केलं. पाणी सकाळी होतं तिथेच.

"अजून एकदा!" मागचा ट्रकवाला ओरडला. अजून एकदा केलं. तिथेच. लाईनमध्ये एवढा गलका झाला की वजनकाट्यावरचा माणूस काय झालं म्हणून बाहेर आला.

पुढचा आठवडा गाडी तशीच चालली. ड्रायव्हर शालिक, टाकीला कुलूप, चावी शेठच्या खिशात. शेठनी डिझेल स्वतः उभं राहून भरलं. अ‍ॅव्हरेज हंगामाआधी होतं तिथे परत आलं. धूर गेला. भरलेली गाडी चढावर गिअर न बदलता गेली असं शालिक सांगत होता, पण तो ड्रायव्हर आहे, थोडं वाढवून सांगणारच.

शेठ जिनिंगवर आले. सगळी लाईन पाहत होती. त्यांनी गाडीची किल्ली शालिकच्या हातात ठेवली. "माह्यं चुकलं, शालिक," म्हणाले. जोरात म्हणाले, हे मी त्यांच्या बाजूने नमूद करतो.

शालिकने हात पुढेच ठेवला. "कुलपाची पण."

शेठनी खिशातून चावी काढून दिली. शालिकने गाडीला फेरी मारून टाकीचं कुलूप उघडलं, काढलं आणि माझ्याजवळ आला.

"हे तुमच्याजवळ ठेवा, मिस्त्री."

कुलूप ठेवलं. आता गॅरेज मुलाकडे आहे. मी सकाळी जाऊन बसतो तेव्हा पान्यांच्या फळीवर ते समोरच दिसतं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्याकडे अजून काही लोक म्हणतात, शेठचं मन मोठं, डिझेल चोरणाऱ्यालाही परत घेतलं. शालिकने डिझेल कधी चोरलं नाही. त्याला माफ करण्यासारखं काही नव्हतं. हे मी माझ्या नावाने लिहून ठेवतो आहे. शालिक आजही त्याच गाडीवर आहे, आणि जिनिंगच्या लाईनमध्ये आता स्नॉर्कलवाल्या पिकअप पुष्कळ दिसतात.

मुलाला मी एकच गोष्ट शिकवली. "गाडीत काही नाही" असं मेकॅनिकने कधी म्हणू नये. "मला सापडलं नाही" म्हणावं. आणि म्हणताना तोंड सरळ ठेवावं.