बाबांनी सही करून दिलेली हमी

गाडी बाबांच्या नावावर होती आणि चालवायचो मी.

आईचं डायलिसिस सुरू होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. आठवड्यातून तीनदा बदलापूरहून उल्हासनगरला जायचं, चार तास सेंटरबाहेर बसायचं आणि मशीनवरून उतरल्यावर जिला धड उभंही राहता येत नाही तिला घरी आणायचं. रिक्षात तिला दोनदा उलटी झाली. दुसऱ्यांदा झाली त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "गाडी घेऊ."

बाबा अंबरनाथच्या सरकारी कारखान्यातून निवृत्त झाले, इन्स्पेक्शन खात्यातून. दुसऱ्याने बनवलेली वस्तू गेज लावून तपासायची आणि मग सही करायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. वॉरंटीचं पुस्तक त्यांनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि काही ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. शोरूममधल्या बाई म्हणाल्या, "काका, हे पुस्तक वाचणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघतेय."

डिझेल गाडी होती. चांगली होती, पण मला ती जरा मंद वाटायची. आमच्या मोरिवलीच्या कंपनीत माझ्याबरोबर परचेसमध्ये असणाऱ्या एकाकडे तशीच गाडी होती, आणि एकदा पाइपलाइन रोडवर तो मला सहज मागे टाकून गेला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना हसत म्हणाला, "रीमॅप करून घे. वेगळीच गाडी होते."

इंजिनाला एक छोटा कॉम्प्युटर असतो. डिझेल किती सोडायचं, टर्बोने हवेला किती दाब द्यायचा, हे तो ठरवतो. कंपनीने ते आकडे जरा हात राखून भरलेले असतात. लॅपटॉप लावून ते बदलले की तेच इंजिन जास्त ताकद देतं. यालाच रीमॅप म्हणतात. हे करून देणारा माणूस उल्हासनगरलाच तीन नंबर कॅम्प नावाच्या भागात होता, आईच्या सेंटरपासून दोन गल्ल्यांवर.

मी स्वतःला सांगितलं की आईला लवकर घरी पोचवता येईल. ते खोटं होतं. मशीनवरून उतरलेल्या बाईला घेऊन कोणी वेगात जात नाही. मला कुणाला तरी मागे टाकायचं होतं, एवढंच.

एका गुरुवारी आईला मशीन लावून झालं आणि मी गाडी घेऊन तिथे गेलो. माणूस पन्नाशीचा, सिंधी, शांत बोलणारा. त्याने आधी किलोमीटर बघितले.

"साईं, गाडी तो नई है. वॉरंटी में है. सोच के आए हो ना?"

"वॉरंटी का क्या होगा?"

"सर्विस से पहले आना, ओरिजिनल फाइल वापस डाल दूँगा. पर गारंटी मैं नहीं देता. पकड़ में आया तो इंजन की वॉरंटी गई, ये समझ के चलो."

मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. तासाभरात काम झालं. आई उतरायच्या आत मी सेंटरखाली गाडी लावून उभा होतो. घरी जाताना ती म्हणाली, "आज गाडी फार छान चालवतोयस." मला बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं.

तीन महिने काही झालं नाही. मग मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, उल्हासनगरहून परत येताना अंबरनाथ सोडल्यावर इंजिनातून शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला. तो वाढत गेला, मागे निळसर धुराचा लोट उठला आणि गाडीतला जोरच गेला. मी कशीबशी ती कडेला घेतली. एसी बंद पडला. आई मागच्या सीटवर आडवी होती. तिने विचारलं, "पोचलो का?"

बाबांनी फोनवरूनच कंपनीची टोइंग व्हॅन मागवली. तो नंबरही त्यांनी पुस्तकातून लिहून ठेवला होता. आपणही निघाल्याचं ते सांगत होते आणि मला एकच दिसत होतं, की ही गाडी आता थेट वर्कशॉपला जाणार. मी बाजूला जाऊन रीमॅपवाल्याला फोन लावला. गाडी तिकडे ओढून आणतो, जुनी फाइल घाल, म्हणालो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "फाइल डाल दूँगा. लेकिन अंदर गिनती रहती है, साईं, कितनी बार लिखा गया. वो मैं पीछे नहीं कर सकता. मैंने उस दिन बोला था."

त्याने खरंच सांगितलं होतं.

बाबा आल्यावर आईला रिक्षाने घरी सोडून आम्ही वर्कशॉपला गेलो. तिथल्या सल्लागाराने एक फॉर्म पुढे केला. त्यात एक प्रश्न होता: गाडीत बाहेर कुठे काही बदल करून घेतला आहे का? बाबांनी पेन काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू काही केलंयस का?"

"नाही."

ते आडून विचारत नव्हते. सही करण्याआधी विचारायची ती त्यांची सवय होती. मी नाही म्हणालो, तेवढं त्यांना पुरलं. त्यांनी 'नाही' लिहिलं. खाली जागा होती तिथे, कोणी सांगितलं नसताना, आणखी एक ओळ लिहिली: 'वाहनास अधिकृत केंद्राखेरीज कोणीही हात लावलेला नाही याची मी हमी देतो.' आणि सही केली.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते नीट आठवत नाही. फोन वाजला की वर्कशॉपचा नंबर नाही ना, हे आधी बघायचो. आईला पुन्हा रिक्षाने न्यावं लागत होतं. एका शनिवारी परत येताना रिक्षा खड्ड्यात जोरात आदळली आणि तिच्या हाताला सुई टोचायची त्या जागेतून रक्त यायला लागलं. आधी पट्टी लाल झाली, मग साडी. बाबांनी त्या जागी अंगठा दाबून धरला. मी रिक्षावाल्याला ओरडून मागे फिरवायला सांगितलं. सेंटरपर्यंत वीस मिनिटं लागली. बाबांनी अंगठा हलवला नाही. ते आईशी अगदी साध्या आवाजात बोलत राहिले, कैरीच्या लोणच्याबद्दल. मी त्यांच्या पांढऱ्या पडलेल्या अंगठ्याकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, आत्ता सांग. सांगितलं नाही.

सोमवारी वर्कशॉपने बोलावलं. मॅनेजरने एक छापील कागद टेबलावर ठेवला.

"काका, इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर आमचं नाही. बाहेर बदललंय. टर्बो गेलाय, पण इंजिनाची वॉरंटी आता लागू होणार नाही."

बाबांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. "कधी बदललं ते यात कुठे आहे?"

"तारीख येत नाही. किती वेळा लिहिलं गेलं तेवढंच येतं."

"म्हणजे तुमच्याकडच्या पहिल्या सर्व्हिसलाही झालेलं असू शकतं. तेव्हा तुम्ही लॅपटॉप लावला होता. जॉबकार्डवर तसं लिहिलंय." त्यांनी फाइलमधून जॉबकार्ड काढलं. "गाडी कुणी हाताळली होती?"

मॅनेजरने जॉबकार्ड उलटून पाहिलं. बाबांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि हे मला फार भयंकर वाटलं. त्यांनी पहिल्या सर्व्हिसच्या मेकॅनिकला बोलावून घ्यायला लावलं. चाळिशीचा माणूस, जांभूळ गावचा. हात पुसत आला. म्हणाला, लॅपटॉप लावला होता, पण फक्त तपासायला, त्याने काही लिहिलं नाही.

"खरं काय ते सांगा," बाबा म्हणाले. "चूक झाली असेल तर होते माणसाकडून. पण खरं सांगा."

"खरंच सांगतोय, काका."

मी त्यांच्यामध्ये उभा होतो, अगदी हाताच्या अंतरावर. मॅनेजर म्हणाला, लॅपटॉपची नोंद मुख्य ऑफिसकडून तपासून घेतो, तोवर याला कामावरून बाजूला ठेवतो. मेकॅनिक मान खाली घालून गेला. जिन्यात बाबा मला म्हणाले, "माणूस खोटा वाटत नाही. पण मग दुसरं कोण करणार?"

आईला घरी सगळं सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्याच्या घरी कोण कोण असेल रे?"

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या गेटवरून निरोप आला, कोणीतरी भेटायला आलंय. तोच मेकॅनिक होता. मोटरसायकल लावून झाडाखाली उभा होता.

"मी काय भांडाया नाय आलो, साहेब," तो म्हणाला. "एकच इचारतो. गाडी भायेर कुठं दाखवलेली का? तुमी सांगितलं तर मी कोणाला बोलनार नाय. मना फक्त कळाया पायजे. चार दिवस झालं, मी आठवत बसलोय की माझ्या हातून काय झालं का. बटन चुकून दाबलं का. आता मनाच खात्री नाय."

मी त्याला म्हणालो, "नाही. कुठे दाखवली नव्हती."

त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला, आणि मोटरसायकलला किक मारून निघून गेला.

मी जागेवर येऊन बसलो. समोर परचेस ऑर्डरी होत्या. त्यातली एकही मी उघडली नाही. ज्याने काहीही केलं नाही तो स्वतःवर शंका घ्यायला लागला होता, आणि ते मी केलं होतं. वॉरंटी, गाडी, बाबांचा राग, या सगळ्याची भीती तोवर खूप मोठी होती. त्या दुपारी हे तिच्याहून मोठं झालं. अर्धा दिवस टाकून मी घरी गेलो.

सकाळी आईला सेंटरला नेऊन आणून बाबा आता गॅलरीत ग्राहक मंचाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा लिहीत होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "बाबा, सॉफ्टवेअर मी बदलून घेतलं. उल्हासनगरला."

त्यांनी पेनचं टोपण लावलं. "कधी?"

"फेब्रुवारीत."

"आई कुठे होती तेव्हा?"

"मशीनवर."

ते रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "आणि मी त्या माणसाला म्हणालो, खरं सांगा."

मी त्यांच्या पायाशी बसलो. आज तो गेटवर आला होता आणि मी त्यालाही नाही म्हणालो, हेही सांगितलं. त्यावर त्यांनी डोळे मिटले. मग मसुद्याची पानं फाडली आणि कोरा कागद घेतला. मी म्हणालो, मी लिहितो. "सही माझी होती," ते म्हणाले. त्यांनी लिहिलं की आपलं आधीचं निवेदन असत्य होतं, ते आपण मागे घेत आहोत आणि मेकॅनिकचा यात कोणताही दोष नाही. माझं नाव त्यात घातलं नाही. मी ते घालायला सांगितलं, तर म्हणाले, "ते तू तोंडाने सांगायचं."

सकाळी आम्ही रिक्षाने आधी वर्कशॉपला गेलो. मी मॅनेजरसमोर सगळं सांगितलं. त्याने पत्र वाचून फाइलला लावलं आणि म्हणाला, "एक सांगू का, काका? तो टर्बो मुळातच खराब असेल, असंही होऊ शकतं. या लॉटमधले दोन-तीन आले होते आमच्याकडे. पण आता ते कोणी तपासणार नाही." बाबा हो म्हणाले. रीमॅपमुळे खरं कारण आता कधीच कळणार नाही, हे त्यांना माझ्याआधी समजलं होतं.

तिथून जांभूळ. मेकॅनिक अंगणात होता, त्याची बायको भांडी घासत होती. बाबांनी हात जोडले. त्याने पुढे होऊन ते खाली केले. "काका, हात नका जोडू. तुमाला ठावं नव्हतं." मग मी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तो माझं ऐकत होता पण माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी बायकोला म्हणाला, "चहा ठेव, काकांना." मला घ्या किंवा नको असं काही म्हणाला नाही. चहा दोन कप आला. मी तो प्यायलो, न पिणं आणखी वाईट दिसलं असतं म्हणून.

तो पुढच्या सोमवारी कामावर रुजू झाला. इंजिन आणि गिअरबॉक्सची वॉरंटी रद्द झाल्याचं पत्र रजिस्टर पोस्टाने बाबांच्या नावावर आलं. बाकी वस्तूंची चालू आहे, असं त्यात होतं. टर्बो आम्ही आमच्या खर्चाने बसवला. गाडी परत यायला पावसाळा उजाडला, आणि तोवर आई रिक्षानेच जात राहिली. तिच्या हातात सुईसाठी शस्त्रक्रिया करून नवी जागा करावी लागली. ती त्या दणक्यामुळे की कसं, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

तिला मी सांगितलं तेव्हा ती मशीनवर होती. तिने मोकळा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

बाबांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आमचं बोलणं पूर्वीसारखंच चालू आहे, भाजीबद्दल, पाण्याबद्दल, आईच्या रिपोर्टबद्दल. फक्त एक फरक पडलाय. मी काहीही सांगितलं, अगदी गॅस बंद केला म्हणालो, तरी ते क्षणभर थांबतात आणि विचारतात, "नक्की?" रागाने नाही. मी "नक्की" म्हणतो. मग ते उठतात आणि स्वतः जाऊन बघून येतात.