कोपरा गेलेलं कार्ड

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या विजयमालाबाईंच्या खोलीत खुंटीला एक तार आहे आणि त्या तारेला त्यांच्या माहेरच्या तीन पिढ्या टोचलेल्या आहेत. आजोबा कोंडीबा सोलापुरात गिरणीत लागले, तेव्हा त्यांना केम गावाहून यायला लागलेली पत्रं सगळ्यात खाली. नात विजयमाला पेठेतच सून म्हणून आली, तशी आजोबांनी तार तिच्या हवाली केली. मग त्यावर वडिलांची पत्रं चढली, मग थोरल्या भावाची, अजिनाथची. गाय व्याली, शेंगा पाठवल्या, पोचल्याचं कळवणे. मरणाचं पत्र मात्र एकही नाही. कोपरा फाडलेलं कार्ड आलं की ते उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथंच फाडायचं आणि अंघोळ करून घरात यायचं. त्यामुळं तारेवर आजवर कुणी मेलेलंच नाही.

आई गेली तेव्हा फोन आला होता. बाई केमला पोचल्या तोवर चिता विझत आली होती. अजिनाथनं बहिणीसाठी थांबायला हवं होतं, तो थांबला नाही. "आईचं तोंड दावलं न्हाईस," एवढं बोलून त्या आल्या पावली परतल्या. बाई हट्टाच्या पक्क्या आणि भाऊ त्यांच्याहून वरचढ. कैक वर्षं ना फोन, ना पत्र.

परवा दारात कार्ड पडलं. केमचा शिक्का डोळे बारीक करून कसाबसा ओळखला आणि कोपरा गेलेला. चष्मा आत होता आणि असलं कार्ड घेऊन आत जाता येत नाही. वाचायचं तरी काय? केमहून त्यांना लिहिणारं घर एकच आणि त्या घरात म्हातारं माणूसही एकच, अजिनाथ. उभ्या उभ्या त्यांनी चार तुकडे केले.

"आत्या, फोन तरी करून बघू," सून ऋतुजा म्हणाली.

"कुणाला करू? आन काय इचारू?"

डोक्यावरून पाणी घेऊन त्या स्टेशनवर गेल्या. गाडीत रडू आलं नाही. ह्याचंही तोंड दिसलं नाही आणि या खेपेला भांडायलाही कुणी उरलं नाही, एवढंच मनात घोळत होतं.

केमात घराच्या वळणावरच त्यांनी हंबरडा फोडला. अंगणात शेळीपुढं पाला टाकणारा म्हातारा दचकून वळला. अजिनाथच होता.

"कोण गेलं गं?" त्यानं विचारलं.

बाईंचा पदर तोंडातच राहिला. "तू," त्या म्हणाल्या.

कार्डाचं ऐकल्यावर त्यानं शेळीकडं बोट केलं. "हिनं खाल्ला कोपरा. घरात एकच कार्ड हुतं. म्हनलं, शिकलेली हाय, वाचंल की."

"फाडलं मी."

"न वाचता?"

"व्हय."

सातवी पास बाईनं करावं असं हे काम नव्हे. पण रीत हातात मुरली की हात डोक्याला विचारत नाही.

"काय लिवलं हुतंस?"

कार्डावर मांडायलाच अजिनाथला इतकी वर्षं लागली होती. तोंडानं बोलायची त्याची तयारीच नव्हती. तो शेळीचं दावं सोडत बांधत राहिला. बाई जागच्या हलल्या नाहीत.

शेवटी शेळीकडंच बघत तो म्हणाला, "चुकलं माझं, असं लिवलं हुतं. आन मागनं म्हनशील, दादाचंबी तोंड दावलं न्हाय. तवा जित्ता हाय तवर येऊन बघून जा."

बाई पुढं झाल्या. हनुवटीला धरून त्यांनी त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं.

"मग हिकडं बघ की," त्या म्हणाल्या.