वहिनींचं पातेलं

उम्म अल क्वैनच्या खाडीकाठी एका अरब म्हाताऱ्याच्या सहा बैठ्या खोल्या होत्या. शारजातल्या आम्ही सहा मराठी कुटुंबांनी त्या भाड्याने घेतल्या होत्या. थंडी सुरू झाली की दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मुक्काम तिथेच. आमच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. हमरियाच्या बंदरात अकाउंट्सची नोकरी आणि वर पाण्याकाठी खोली! गावी फोनवर हे मी मुद्दाम दोनदा सांगायची.

आमच्या ओळीत कायदा एकच: कुणाचंही भांडं रिकामं परत करायचं नाही. शेजारच्या वहिनींचं लग्नातलं पातेलं होतं, काठावर त्यांचं नाव कोरलेलं. त्यातून मसालेभात यायचा, पुढच्या शुक्रवारी त्यातूनच माझी थालीपिठं जायची.

"तुमच्या थालीपिठांनी पातेलं जड होतं हो," वहिनी म्हणायच्या.

"खाताना तर जड वाटत नाहीत!" मी म्हणायची.

मग मंदी आली. वहिनींचे मिस्टर, आम्हा सगळ्यांचे दादा, टॉवर बांधणाऱ्या कंपनीत होते. नोकरी गेली, व्हिसा रद्द झाला, आणि पुढचा शुक्रवार यायच्या आत दोघं पुण्याला गेले. पातेलं माझ्याकडेच राहिलं.

"कुणाबरोबर पाठवू?" मी फोनवर विचारलं.

"पाठवायचं नाही. भरून आणायचं, स्वतः."

एकेक खोली रिकामी होत गेली. शेवटी आम्हीच उरलो. ओट्यावर बसून लेक म्हणाली, "मम्मा, नोबडी इज कमिंग. लेट्स गो होम." म्हाताऱ्याने पुढे खोल्या पाडल्या. भेटायला गेलो तर छातीवर हात ठेवून एवढंच म्हणाला, "खलास."

पुण्याला जायचं दर सुट्टीत ठरायचं. ते जमायच्या आधी वहिनीच वारल्या.

काही वर्षांनी दादा एकटेच परत आले, अल ऐनला, नव्या नोकरीवर. मी मसालेभात केला, वहिनींच्या पद्धतीने, आणि पातेलं घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो. दादांनी काठावरच्या नावावरून अंगठा फिरवला. मग पातेल्यातूनच जेवले. जेवण झाल्यावर त्यांनी पातेलं घासलं, पुसलं आणि स्वयंपाकघरात इकडेतिकडे बघत उभे राहिले. ओट्यावर चहा-साखरेशिवाय काही नव्हतं.

"दादा, राहू द्या ना. तुमचंच आहे, द्यायलाच आणलंय."

"माझं कुठलं? नाव तिचं आहे," ते म्हणाले. "आणि रिकामं दिलं तर ती मला घरात घेईल का?"

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. पातेलं उचलून ते तसेच खाली बेकरीत गेले आणि गरम खुबूस, इथल्या अरबी रोट्या, भरून घेऊन आले.

परतीच्या वाटेवर गाडीत पातेलं माझ्या मांडीवर होतं. शारजा येईपर्यंत खुबूस गार झाले. मी झाकण काढलं नाही.