तिगावात पाय न ठेवता

आमच्या पांढुर्ण्यात कोणत्याही कामासाठी वर्गणी मागा, मिळते. फक्त देणाऱ्याचं नाव कुठेतरी ठळक लिहिलं गेलं पाहिजे. आमच्या गल्लीतल्या देवळात पंख्याच्या तीन पात्यांवर तीन वेगवेगळ्या स्वर्गवासी माणसांची नावं आहेत. जिवंतपणी त्या तिघांचं कधी पटलं नाही, पण पंखा सुरू केला की सगळे एक होतात. मी निवृत्त शिक्षिका, उषा. आजवर कुणाला एक रुपया वर्गणी दिलेली नाही, त्यामुळे माझं नाव कशावरच नाही. म्हणून शालिकराम कळंब्यांच्या विमानाची गोष्ट सांगायला गावात माझ्याइतकं निःपक्षपाती माणूस दुसरं मिळणार नाही.

शालिकभाऊ माझे शेजारी. उभा जन्म त्यांनी संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकल्या. त्यांची पेटी इतकी हलकी की हमाल खूश आणि व्यापारीही खूश. "भाडं संत्र्याचं द्यायचं का लाकडाचं?" असं ते विचारायचे. पुढे प्लास्टिकचे क्रेट आले आणि पेट्यांचा धंदा बसला. शालिकभाऊंनी त्याबद्दलही तक्रार केली नाही. त्यांना तक्रार करता येत नाही आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. शेजाऱ्याने त्यांच्या अंगणात म्हैस बांधली, तर "असू द्या." उधारीवर पेट्या नेणारा पुन्हा उधारीवर मागायला आला, तर "असू द्या." जयवंतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, कपाळावर हात मारून म्हणायच्या, "ह्या माणसाच्या तोंडात देवानं 'नाही' घातलंच नाही."

त्या स्वभावामुळेच विमान त्यांच्या गळ्यात पडलं. कोण्या एका संस्थानाच्या तलावावर उतरणारं जुनं विमान, खाली नावेसारखं लाकडी पोट आणि वर पंख, भंगारात विकलं गेलं होतं. नागपूरकडे नेणारा ट्रक पांढुर्ण्याजवळ बंद पडला. ड्रायव्हरने शालिकभाऊंना विचारलं, माल जरा तुमच्या अंगणात ठेवू का? उत्तर तुम्हाला माहीतच आहे. माल ठेवून गेलेला माणूस पुन्हा फिरकला नाही. मग त्या उडत्या नावेत वर्षानुवर्षं वहिनींच्या कोंबड्या अंडी देत राहिल्या.

आता वहिनींच्या माहेराबद्दल सांगितलं पाहिजे, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. त्यांचं माहेर तिगाव. बैतूलकडे जाताना पांढुर्ण्याच्या पुढचंच स्टेशन. गाडीत बसून शेंगा सोलायला घ्याव्यात तर पुडी संपायच्या आत येतं. वडील गेल्यावर वहिनींनी सगळ्या वाट्यावर पाणी सोडून हक्कसोडीची सही केली, आणि थोरल्या भावाकडे, नत्थूजींकडे, एकच मागणं मागितलं: विहिरीजवळची आईने लावलेली चिंच माझ्या नावाची म्हणा. चार लोकांत नत्थूजी हसले. म्हणाले, "चिंच का उचलून नेतं काय पांढुर्ण्याले?" सगळेच हसले. वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "आजपासून ह्या तिगावात पाय ठेवन, तं मी गुलाबबाईची लेक नाही." तेव्हा त्यांचे केस काळे होते. आता पार पांढरे झालेत. पाय ठेवला नाही. गाडी तिगाववरून गेली तरी त्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी तोंड करून बसतात.

एका दुपारी संत्री सोलता सोलता त्यांनी मला विचारलं, "उषाबाई, तुमी शिकल्यासवरल्या. वरून पाह्यलं, तं पाय ठेवल्यासारखं होते काय?"

"वरून म्हणजे?"

त्यांनी हनुवटीने अंगणातल्या विमानाकडे खूण केली. "चिंच आहे का तोडली, तेवढंच पाहाचं आहे."

मी म्हटलं, पाय जमिनीला लागला नाही म्हणजे नाही ठेवला. माझं हे उत्तर शालिकभाऊंनी ओट्यावर बसून ऐकलं. दुसऱ्या दिवशी विमानातून कोंबड्या बाहेर निघाल्या.

शालिकभाऊंनी फळी फळी तपासून लाकडी पोट नीट केलं. पण इंजिन आणि पंख त्यांच्या हातचे नव्हते. त्यासाठी नागपूरचे कारागीर हवे होते आणि पैसा हवा होता. ते गजेंद्र शेटकडे गेले. गजेंद्र शेट कापसाचे व्यापारी, आणि पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याला शोभेल असं काहीतरी करण्यासाठी तळमळत होते. ते म्हणाले, "एअरपोर्टले जमीन लागते, मंजुरी लागते. ह्याले तं तलाव पुरते! सौसरवाल्यांजवळ जामसांवलीचा आडवा हनुमान आहे, तिथं बसा भरभरून लोक येऊन राहिले. आपल्याजवळ काय आहे? त्यांचा देव निजलेला आहे, आपलं विमान उडन!" एवढं बोलल्यावर त्यांनी स्वतःचे कान धरले, आणि शनिवारी जामसांवलीला नारळ फोडून आले.

समिती झाली. वहिनींची चिंच कुणाला सांगितली नव्हती. जिल्ह्याचा अभिमान पुरेसा होता. वर्गणी अशी आली की इंजिनाचं आणि पंखांचं काम नागपुरात सुरूही झालं. आणि मग आमच्या लोकांना आठवलं, की नाव कुठे लिहिणार?

पंखांवर लिहू, शालिकभाऊ म्हणाले. पण रंगाने लिहिलेलं नाव पावसात जातं, हे सगळ्यांना ठाऊक. म्हणून लोकांनी वस्तू द्यायला सुरुवात केली. एकाने वडिलांच्या स्मरणार्थ स्टीलचं रेलिंग दिलं. एकाने भिंतीवरचं घड्याळ दिलं. विमानाला भिंत नव्हती, ती बसवण्यात आली. सौसरच्या एका डॉक्टरांनी, पांढुर्ण्याचा जिल्हा झाला म्हणून आम्ही काही परके नाही, असं म्हणत संगमरवरी फरशी पाठवली. पाण्याची टाकी आली, बाकडी आली. तुळशीराम किराणावाल्याने छताचा पंखा दिला. मी म्हटलं, "अहो, विमानाला पुढे एवढा मोठा पंखा आहे ना!" तर म्हणाला, "तो समितीचा आहे मॅडम. हा आमच्या आईचा."

प्रत्येक वेळी शालिकभाऊ वस्तू दोन्ही हातांनी तोलून पाहायचे. जन्मभर लाकडाचा भार वाचवलेला माणूस, त्याला कळत नव्हतं असं नाही. तोंड उघडायचे, देणाऱ्याचे भरून आलेले डोळे बघायचे आणि म्हणायचे, "असू द्या."

मग तिगावहून ट्रॅक्टर आला. नत्थूजींचा मुलगा पंकज एकटाच होता. आमच्या गल्लीतल्या चार जणांनी मिळून ट्रॉलीतून एक घंटा उतरवली. देवळाच्या महाद्वारात शोभेल अशी, पितळेची. तिच्यावर कोरलं होतं: 'स्व. गुलाबबाई यांच्या स्मरणार्थ. नत्थूजी व जयवंता.' पंकज म्हणाला, "बाबानं देल्ली," आणि चहासुद्धा न घेता गेला. वहिनी पदराने अक्षरं पुसत राहिल्या, धूळ नव्हती तरी. मग म्हणाल्या, "माहं नाव टाकलं त्यानं."

घंटा विमानाच्या नाकाशी टांगली गेली.

उडवायच्या आधी तपासणी हवी, म्हणून नागपूरहून अभिजीत नावाचा विमानाचा इंजिनिअर आला. त्याने पहिल्यांदा वजन मागितलं. एवढं मोठं धूड तोलायला गावात एकच जागा, कापसाच्या गाड्या तोलतात तो धर्मकाटा. तर कापसाच्या दोन ट्रकांच्या मधे आमचं विमान ट्रॉलीवर बसून रांगेत उभं राहिलं. आकडा बघून अभिजीतने पुन्हा तोलायला लावलं. मग आत जाऊन फरशीवर उभा राहिला, घड्याळात वेळ बघितली आणि म्हणाला, "काका, इंजिन उत्तम आहे, सांगाडा उत्तम आहे. पण यात विमान कमी आणि गाव जास्त भरलंय. विमानाचं नाही ते सगळं काढा. मग उडेल, हे मी लिहून देतो."

उडेल! शालिकभाऊंचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. संध्याकाळीच ते दारोदार निघाले. वर्गणी मागायला गेले होते त्याच दारांवर ते आता वर्गणी परत घ्या म्हणून उभे राहिले. मीही सोबत गेले. असली मजा फुकटात कुठे मिळते? सगळीकडे चहा मिळाला. सगळ्यांना पटलं. विमान हलकं पाहिजे यावर गावात दुमत नव्हतं. "बाकीच्यांचं सारं काढा," रेलिंगवाले म्हणाले, "आमच्या बाबांचं तेवढं राहू द्या. एका रेलिंगनं काय होते?" फरशीवाल्या डॉक्टरांनी फोनवर घंटेला नावं ठेवली. तुळशीराम म्हणाला, "दान देल्लेलं परत घेतलं तं पाप लागते जी. तुमाले पटते का आमाले पाप लागलेलं?"

शालिकभाऊंना ते पटेना. म्हणजे सगळं होतं तसंच राहिलं.

घरी आल्यावर ते वहिनींपाशी बसले. म्हणाले, "आपण आपली घंटा काढू. मग लोकं आपोआप काढतीन."

वहिनींनी नकारार्थी मान हलवली. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वहिनी, घंटा राहिली तर कुणीच काही काढणार नाही. विमान उडणार नाही. चिंच दिसणार नाही."

"मले समजते, उषाबाई," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्सानं त्यानं माहं नाव त्याच्या नावाजवळ लिवलं. ते कसं काढू?" आणि त्या रडायला लागल्या. मला त्यांचा राग आला, नत्थूजींचा आला, त्या बिनडोक घंटेचा आला, आणि सगळ्यात जास्त राग शालिकभाऊंचा आला, कारण ते वहिनींच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होते, "असू द्या. असू द्या."

शेवटी विमानातून एकच वस्तू निघाली, मूळची प्रवासी खुर्ची. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. तिच्या जागी शालिकभाऊंनी वहिनींसाठी संत्र्याच्या पेटीच्या पातळ फळ्यांची नवी खुर्ची केली होती. इतकी हलकी की एका बोटाने उचलावी. समितीने मात्र त्या जागी बाकडं बसवलं, कारण बाकड्यावर नाव होतं. खुर्ची अंगणात पडून राहिली.

समितीच्या ठरावात लिहिलं गेलं, की विमान उडण्यायोग्य झाले असून ते तलावाकाठी चौथऱ्यावर कायमचे उभे करण्यात येत आहे. लोकार्पण थाटात झालं. कुठे उडून जाऊ नये म्हणून त्याला साखळदंड बांधले होते. मी हसले, तर गजेंद्र शेटनी माझ्याकडे रागाने पाहिलं. भाषणात त्यांनी सर्व दात्यांची नावं वाचली. शालिकभाऊंना शाल मिळाली. मग इंजिन सुरू केलं. खरंच सुरू झालं! सगळं विमान थरथरलं, घड्याळ खाली पडलं, आणि नाकाशी टांगलेली घंटा कुणी हात न लावता वाजायला लागली.

गर्दीतून एक धोतरवाला म्हातारा काठी टेकत पुढे आला. वहिनींनी ओळखलं आणि पदर तोंडाशी नेला. नत्थूजी त्यांच्यासमोर उभे राहिले. ते काहीतरी म्हणाले. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही. इंजिन बंद झाल्यावर पुन्हा म्हणाले, "चाल न वं घरी."

"पाय नाही ठेवनार म्हणलं होतं म्या."

"मी पायाचं कुठं म्हणून राहिलो?" नत्थूजी म्हणाले. "चिंच तशीच आहे. तुह्या नावाची म्हणतो आता मी तिले. येऊन पाह्यशीन तं खरी."

वहिनींनी शालिकभाऊंकडे पाहिलं. शालिकभाऊंनी त्या हलक्या खुर्चीचा विचार केला असणार, कारण ते एकदम घराकडे निघाले, शाल अंगावर तशीच.

तर पुढच्या रविवारी आम्ही तिगावला गेलो. गावाची हद्द लागायच्या आत जीप थांबली. पंकज आणि वहिनींचे आणखी तीन भाचे बांबू घेऊन उभे होते. शालिकभाऊंनी खुर्ची बांबूंना बांधली, गाठी स्वतः तपासल्या, वहिनींना त्यात बसवलं आणि त्यांचे पाय चादरीत गुंडाळले, चुकूनही लोंबायला नकोत म्हणून. भाच्यांनी खुर्ची खांद्यावर घेतली. बायका दारात येऊन बघत होत्या, पोरं मागे धावत होती, आणि वहिनी सगळ्या तिगावच्या डोक्यावरून चालल्या होत्या. त्या सगळ्या वर्गणीतून, समितीतून आणि ठरावातून जमीन सोडून वर गेलं ते एवढंच, पेटीच्या फळ्यांची खुर्ची. तिच्यासाठी कुणी वर्गणी दिली नव्हती.

चिंच विहिरीजवळ होती. खूप वाढली होती. वहिनींनी हात वर केला, पण खालची फांदीसुद्धा हाताला लागेना.

"अजून वर घ्या रे," त्या म्हणाल्या.

पोरांनी हात ताणून खुर्ची डोक्यावर धरली. वहिनींनी फांदी पकडली, गालाला लावली आणि डोळे मिटले. हसत होत्या की रडत होत्या, मला खालून दिसत नव्हतं. शालिकभाऊ खुर्चीच्या खाली उभे होते, दोन्ही हात फळ्यांना लावून. बराच वेळ गेला. पोरांचे दंड थरथरायला लागले. पंकजने घाम गाळत विचारलं, "फुफाजी, ठेवाची का आता खाली?"

"नाही," शालिकभाऊ म्हणाले.